दोनशे सतरा नंबरचा कोट

"आजपासून सोनं बंद! पर्सा बंद!"

सरकारांनी चहाचा कप बशीत असा आपटला, की काही न करता बशीलाच अपराध्यासारखं वाटलं असेल.

सरकार म्हणजे कुणी राजघराण्यातल्या नव्हेत हो! कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या मालकीणबाई. गल्लीनं ठेवलेलं नाव ते. साठी उलटलेली, आवाज खणखणीत, शाळा तिसरीत सुटलेली. आकडे पक्के, अक्षरं मात्र लंगडी. पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं नाही. अक्षरं लंगडत असली तरी जीभ चारी पायांनी धावत होती.

"म्हणजे आई, खर्चच बंद?" सुनेनं विचारलं. तिच्या स्वरात जरा आशा होती.

"खर्च बंद करायला मी काय आजारी आहे? खर्च होणारच! पण आता कपड्यांवर होणार. चांगला, अंगासरसा शिवलेला, पायापर्यंत झुळझुळणारा कपडा! ऐकलंत का हो?"

हा शेवटचा प्रश्न आतल्या खोलीसाठी होता. आत इस्त्रीच्या टेबलाशी मालक उभे होते. चाळीस वर्षं तिथंच उभे होते. उत्तर त्यांच्याऐवजी इस्त्रीनं दिलं.

"फुस्स!"

"बघ, हो म्हणाले," सरकार म्हणाल्या.

आता ही बाई एवढी वर्षं सोनं आणि पर्साच का घेत आली, ते आधी ऐका. लाँड्रीचं काउंटर छातीइतकं उंच. त्यामागं माणूस उभं राहिलं, की छातीखालचं सगळं जगाच्या लेखी नाहीच! मग खाली काय घाला, कोण बघतंय? खाली दोन तपकिरी झगे आळीपाळीनं, त्यावर साबणानं विटलेला एप्रन. पैसा गेला तो सगळा वरच्या मजल्यावर. कानात सोन्याची फुलं, गळ्यात तीन पदरी माळ, हातात बांगड्या. शिवाय काउंटरवर मांजरीसारखी बसवलेली पर्स. रोज नवी मांजर. अशा चौदा पर्सा सरकारांच्या खोलीच्या दारामागं खुंट्यांवर लटकत होत्या. पावती हरवलेली गिऱ्हाइकं तोंड वासून उभी असावीत तशा!

मग हे उलटं वारं कुठून सुटलं?

सुटलं एका दुपारी, वाफेतून.

लाँड्रीतली दुपार तुम्ही पाहिली नसेल. बाहेर रस्ता पेंगत असतो. आत यंत्रं थकून गुरगुरत असतात. इस्त्रीची वाफ छताला जाऊन टेकते आणि मग हळूहळू खाली येते, पायाला लागेल इतकी. त्या वाफेत दांडीवरचे कपडे जागे होतात. खरंच होतात! एखादी बाही जराशी उचलते, एखादा घोळ फिरतो. दातांच्या डॉक्टरांचा सूट आणि बँडवाल्याचा गणवेश एकमेकांना वाकून नमस्कार करतात. सरकारांनी हे चाळीस वर्षं पाहिलं होतं. चार दिवसांनी हे सगळे पाहुणे आपापल्या घरी जात आणि दुसरे येत. राहायला कुणीच येत नसे.

त्या दुपारी दांडीवर मास्तरीणबाईंचा कोट होता. मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पण शाळा अजून त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कोट निळा. संध्याकाळ अजून पुरती काळी व्हायची असते ना, तसा निळा. वाफ त्याच्या आत शिरली, खांदे भरले, उजवी बाही हळूच वर झाली.

"चल," कोट म्हणाला.

"कुठं?" सरकारांनी विचारलं.

कोट पुढं काही बोलणार, तोच मालक आतून आले. त्यांनी कोट दोन बोटांनी खांद्याशी धरला, उजेडात नेला, मान तिरकी करून पाहिला, कॉलरवरचा न दिसणारा कण फुंकरीनं उडवला. मग तळहात असा पाठीवरून फिरवला, जणू आत कुणी झोपलंय आणि त्याला जाग यायला नको!

सरकार बघतच राहिल्या. चाळीस वर्षांत या माणसानं आपल्याकडं असं एकदा तरी बघितलं होतं का? माळ घेतली तेव्हा म्हणाला, "जड नाही ना होत?" चौदावी पर्स आणली तेव्हा म्हणाला, "खुंटी आहे का?" संपलं! त्या नजरेत शिरायचं असेल, तर कोटात शिरूनच जावं लागणार. दुसरी वाट नाही.

तर ही होती खरी गोष्ट. पण सुनेला असं सांगता येतं का? म्हणून मग कप आपटायचा!

निश्चयाचा पुरावा म्हणून सरकारांनी त्याच दिवशी एक तपकिरी पर्स आपल्या नणंदेला देऊन टाकली. नणंद म्हणजे मालकांची थोरली बहीण. राहायला समोरच्याच घरात, पहिल्या मजल्यावर, खिडकीशी. सरकारांनी मनातल्या मनात तिचं नाव दुर्बीण ठेवलं होतं. रस्त्यात कुणाची चप्पल तुटली, तर चप्पलवाल्याच्या आधी दुर्बिणीला कळायचं.

"फुकट देतेस? फाटलीय का कुठं?" दुर्बिणीनं पर्स उलटी करून झटकली.

"वन्सं, मी सोडल्या पर्सा."

"सोडल्यास? मग आता धरलंस काय?"

"कळेल!" सरकार म्हणाल्या आणि झोकात निघून आल्या.

कळेल म्हणाल्या खऱ्या, पण कळायला नको होतं. आधी तर अजिबात नको. कोट शिवून होईपर्यंत एका माणसालाही सुगावा लागता कामा नये, असा त्यांचा बेत. एकदम घालून उभं राहायचं! म्हणून त्या शिंप्याच्या दुकानात मागच्या दारानं शिरल्या.

शिंपी नाकासमोर चालणारा माणूस. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळं बोलणं बेताचं.

"तसाच निळा हवा. मास्तरीणबाईंचा आहे तसा. आतून अस्तर मात्र केशरी."

"हं."

"आणि कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"सांगीन की, बाईंचा..."

"मुडद्या! काही सांगायचं नाही! मी इथं आलेच नाही. तू मला ओळखतच नाहीस. कुणी गळ्याला कात्री लावली तरी ओळखत नाहीस! घे शपथ."

"कशाची?"

"तुझ्या मशीनची!"

शिंप्यानं टाचण्या काढल्या, मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि शपथ घेतली. गरीब माणूस. एकदा दिला शब्द, की कापलेल्या कापडासारखा. मागं घेता येत नाही.

पुढचे तीन आठवडे सरकार जमिनीवर नव्हत्याच. काउंटरवर उभ्या असत, पण असत कुठं, देव जाणे! गिऱ्हाईक म्हणे, "दोन सदरे, एक चादर," आणि या म्हणत, "अस्तर केशरी." पडदे मोजता मोजता त्या निळ्या कोटातून एका लांबच लांब रस्त्यानं चालत जात. रस्त्याला काउंटर नसे, गाठोडी नसत. दुतर्फा दिवे लागलेले, आणि पुढं वळणावर मालक उभे. हातात इस्त्री नाही. मान तिरकी करून बघतायत.

"आई! दोनदा मोजलेत! पडदे चारच आहेत!"

"मग दोनदा चारच भरले ना? मग!"

आता इथं लाँड्रीची एक रीत सांगायला हवी, कारण घोडं तिथंच अडलं. शिंपी नवे शिवलेले कपडे घडी बसवायला यांच्याकडेच पाठवायचा. सरकारांचा कोटही तसाच आला, दहा-बारा कपड्यांच्या गठ्ठ्यात, चोरपावलांनी. आणि या दुकानाचा नियम म्हणजे दगडावरची रेघ: आत आलेल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या मागं गुलाबी चिठ्ठी. पुढं लाल आकडा, मागं पेन्सिलीनं ज्याचा कपडा त्याचं नाव. आकडा सरकार ओरडणार, नाव मालक लिहिणार. आणि चिठ्ठी दुकानात काढायची नाही! घरी जाऊन गिऱ्हाइकानंच काढायची. हा नियम कुणाचा? सरकारांचा! याच नियमावर दुकानाबाहेर पाटी होती: "चाळीस वर्षं. एक बटण इकडचं तिकडं नाही." त्या पाटीला सरकार रोज स्वतः फडकं मारायच्या.

शनिवारी संध्याकाळी नाटकाला जायचं ठरलं होतं. सरकार आणि दुर्बीण. दांडीवरून कोट गुपचूप काढून सरकारांनी अंगात घातला, बटणं लावली आणि आरशापुढं उभ्या राहिल्या. आरशात एक बाई होती. गळा मोकळा, हात मोकळे, काखेत पर्स नाही. सरकारांनी तिला ओळखलं नाही. पण ओळख वाढवावी असं फार वाटलं.

पुढून कोट बघितला, बाजूनं बघितला. कॉलरच्या मागं मात्र कोण बघतंय? दुसऱ्यांच्या कॉलरी चाळीस वर्षं तपासल्या, पण स्वतः गिऱ्हाईक व्हायची सवय कुठं होती हो! गिऱ्हाइकानं घरी जाऊन चिठ्ठी काढायची असते, हे या बाईनं सगळ्या गावाला शिकवलं आणि स्वतः शिकली नाही.

त्या मालकांच्या टेबलासमोरून गेल्या. सावकाश. मग काही विसरल्यासारखं करून परत आल्या. मग पुन्हा गेल्या.

मालकांनी मान वर केली. बघितलं. सरकारांचा श्वास पहिल्या बटणाशी थांबला.

"दार लोटून घे," मालक म्हणाले. "वाफ जाते."

मंडळी, दार जे लोटलं गेलं, त्यानं चौकटीचा रंग उडाला!

पण रस्त्यावर आल्यावर कोटानं त्यांना सावरलं. चांगल्या कपड्याचा हाच गुण असतो. तो आतल्या माणसाला पडू देत नाही. घोळ पायाशी हलके हलके बोलत होता, केशरी अस्तर चालताना मधूनच डोकावत होतं. नाट्यगृहाच्या दारात दुर्बीण वाट बघत होती. सरकारांनी दिलेली तपकिरी पर्स तिच्या काखेत होती.

दुर्बिणीनं सरकारांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागं जाऊन पाहिलं. मागं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"वहिनी, कोट कुणाचा गं?"

"कुणाचा म्हणजे? कुणाच्या अंगावर आहे?"

"अंगावर तुझ्या आहे, ते दिसतंय."

जळली! सरकारांना मनातून गुदगुल्या झाल्या. आत अंधार होता, पण त्यांच्या खुर्च्या तिसऱ्या रांगेत, रंगमंचाचा उजेड नेमका मानेवर पडणारा. नाटक सुरू झालं. आणि मागं कुजबुज सुरू झाली.

"ते बघ..."

"लाँड्रीवाल्या ना त्या?"

"अगं बाई! दोनशे सतरा!"

खुर्चीचा नंबर शोधतायत बिचारे, असं सरकारांना वाटलं. पण बाकीची कुजबुज कोटासाठीच होती, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सगळं नाट्यगृह नाटक सोडून त्यांची पाठ बघत होतं! मग त्याही उदार झाल्या. मागच्यांना नीट दिसावं म्हणून जरा पुढं वाकून बसल्या. मध्यंतरात तर पाठ करूनच उभ्या राहिल्या, चांगला पाव तास. पंख्याच्या वाऱ्यानं घोळ हलत होता आणि त्यांना वाटत होतं, आपण उभ्या नाहीच. कुणीतरी उंच दांडीवर हलक्या हातानं आपल्याला टांगलंय, आणि खाली वाफच वाफ आहे, आणि हे सगळे लोक वाफेतून वर बघतायत.

"थांब, पाठीवर काहीतरी पडलंय," दुर्बीण म्हणाली आणि कॉलरशी खुडबुड करून तिनं हात आपल्या पर्सेत घातला.

कापड चाचपून बघतेय मेली, सरकारांच्या मनात आलं. बघू दे. बघितल्यानं कापडाला चुणी पडत नाही.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात रांग!

"बघितलंस?" सरकार सुनेला म्हणाल्या. "याला म्हणतात कोटाचा पायगुण! काल मालकीण शोभली, आज दुकान चाललं."

पण रांग जरा निराळीच होती. कपडे द्यायला कुणीच आलं नव्हतं. सगळे न्यायला आले होते.

"माझा सूट," दातांचे डॉक्टर म्हणाले. "झाला नसला तरी द्या."

"डॉक्टर, डाग अजून निघायचाय."

"राहू द्या, डाग माझाच आहे. आहे ना तो इथं? कुठं... बाहेर वगैरे गेला नाही ना?"

"सूट कुठं जाईल हो एकटा?"

 डॉक्टरांनी सूट हुंगून पाहिला आणि छातीशी धरून पळाले. मागोमाग बँडवाला.

"माझा गणवेश!"

"अहो, पाण्यात आहे!"

"ओलाच द्या! अंगावर वाळवीन!" आणि सोनेरी झालरींतून पाणी गाळत तो गेलासुद्धा. मग कुणाचे पडदे, कुणाचा झगा, कुणाच्या पांढऱ्या चादरी. दुपार व्हायच्या आत पुढच्या दांड्या उघड्या पडल्या. एवढी भरभराट, की दुकानात धुवायला रुमालही उरला नाही!

सरकार अजून हसतच होत्या. शेवटी सुनेनं त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"आई, काल नाटकाला गिऱ्हाइकाचा कोट घालून गेला होतात?"

"काय?"

"सगळा गाव म्हणतोय. पाठीवर आपली गुलाबी चिठ्ठी होती म्हणे. दोनशे सतरा. रात्री घालतात आणि सकाळी धुऊन देतात, असं म्हणतायत. म्हणून तर सगळे..."

सरकार मटकन स्टुलावर बसल्या.  डोळ्यांपुढून काल रात्रीचं नाट्यगृह गेलं: ती वाकलेली पाठ, ते पाव तासाचं मध्यंतर! आणि मग एक गोष्ट कळली, ती चाळीस वर्षांत कळली नव्हती. सोन्याची माळ घातली, कुणी विचारलं नाही कुणाची. चौदा पर्सा मिरवल्या, कुणी नाव ठेवलं नाही. कारण लाँड्रीत माळ कोण टाकतं? पर्स धुवायला कोण देतं? पण लाँड्रीवालीच्या अंगावर चांगला कपडा, म्हणजे तो दुसऱ्याचाच!

आणि बाहेर ती पाटी. एक बटण इकडचं तिकडं नाही!

"अशी कशी ऐकून घेईन!" सरकार ताडकन उठल्या. आत जाऊन कोट आणला आणि काउंटरवर पसरला. तेवढ्यात दारात मास्तरीणबाई. मागं गल्लीतली दहा-पंधरा माणसं, आणि सगळ्यांच्या पुढं, सगळ्यांच्या आधी, दुर्बीण.

"हा माझा कोट आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. वर्गात खडू सापडल्यावर म्हणतात त्या आवाजात.

"तुमचा कोट हा घ्या, मास्तरीणबाई!" सुनेनं मागच्या दांडीवरून, पुन्हा धुवायला आलेला, दुसरा निळा कोट काढला. चिठ्ठीसकट, घडीसकट, कव्हरसकट.

मास्तरीणबाईंनी दोन्ही कोट पाहिले. चष्मा काढून पाहिले, लावून पाहिले. "हो. हा माझा. बरोबर आहे."

सरकारांनी विजयानं गल्लीकडं पाहिलं. पण गल्लीचं तोंड उतरलं नव्हतंच.

"मग तो कुणाचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझा!"

"तुझा कसा असेल वहिनी?" दुर्बीण गोड आवाजात म्हणाली. "तुझे तर दोन झगे. आम्ही काय बघत नाही?"

"शिंप्याला बोलवा!" सरकार कडाडल्या. "त्यानं शिवलाय! बोलवा त्याला, होऊन जाऊ दे दूध का दूध!"

शिंपी आला. तोंडात टाचण्या. एवढी माणसं बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"सांग यांना! हा कोट कुणी शिवला?"

शिंप्यानं कोटाकडं पाहिलं. सरकारांकडं पाहिलं. त्याला मशीनचं चाक आठवलं. एकेक टाचणी काढत, पण ठाम आवाजात तो म्हणाला:

"मला नाही माहीत. हा कोट मी शिवलेला नाही."

"अरे!"

"या बाई माझ्या दुकानात कधी आल्याच नाहीत. मी यांना ओळखतसुद्धा नाही."

"मुडद्या! तीस वर्षं माझ्याकडं गठ्ठे टाकतोस!"

"कुणाकडं?" शिंपी म्हणाला आणि प्रामाणिकपणानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही गळ्याला कात्री लावा बाई, पण मी ओळखणार नाही!"

सांगा, आता अशा इमानी माणसाचं करायचं काय? शब्द पाळणारा माणूस मिळावा म्हणून लोक देव पाण्यात घालतात. सरकारांना मिळाला, तर त्यालाच पाण्यात घालावंसं वाटलं!

"आणि हा पुरावा!" दुर्बिणीनं तपकिरी पर्स उघडली आणि गुलाबी चिठ्ठी वर धरली. "दोनशे सतरा! मी काल माझ्या हातानं हिच्या पाठीवरून काढली. दुकानाचीच आहे ना? बघा, आकडा बघा!"

सगळ्यांनी आकडा बघितला. सरकारांनीही बघितला. तो त्यांनीच ओरडून सांगितला होता.  सरकारांना वाटलं, आता तो निळा कोट उठावा, बाही पुढं करावी आणि म्हणावं, चल. या खेपेला त्या कुठं म्हणून विचारणार नव्हत्या.

"ताई, चिठ्ठी उलटी कर."

आवाज कुणाचा, ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी तो आवाज आधी ऐकलाच नव्हता. वाफेतून मालक बाहेर आले होते. इस्त्री आतच राहिली होती.

"उलटी कशाला?" दुर्बीण म्हणाली. "आकडा पुढं असतो."

"आणि माणूस मागं असतो. दे तिच्याकडं."

चिठ्ठी सरकारांच्या हातात आली. त्यांनी ती उलटली. पेन्सिलीची तीन अक्षरं. सगळी गल्ली बघत होती, समोर मास्तरीणबाई उभ्या होत्या, आणि अक्षरं लंगडी! पण सरकारांनी बोट ठेवलं आणि एकेक पायरी चढावी तशा चढल्या.

"घ... र... चं."

"घरचं," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "छान वाचलंत."

"तुम्हाला माहीत होतं?" सरकारांनी मालकांकडं वळून विचारलं. आवाज कुठंतरी केशरी अस्तरातून आल्यासारखा.

"गठ्ठ्यातून काढला तेव्हाच." मालकांनी कोट दोन बोटांनी खांद्याशी धरला आणि उजेडात नेला. "हा डावा खांदा बघा. बोटभर खाली कापलाय. गावात असा खांदा दुसरा नाही. चाळीस वर्षं ओली गाठोडी हिच्या या खांद्यावरून गेलीत. मला मोजपट्टी लागत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू गुपित ठेवलं होतंस. चांगली बसलेली घडी. मी कशाला मोडू?"

"आणि काल? मी दोनदा समोरून गेले!"

"तीनदा," मालक म्हणाले. मान तिरकी करून, अगदी त्याच नजरेनं, त्यांनी सरकारांकडं पाहिलं. कॉलरवर नसलेला कण फुंकरीनं उडवला. "घाबरलो. एवढं चांगलं दिसल्यावर काय बोलायचं असतं, ते कुठं येतं मला? म्हणून दाराचं बोललो."

शिंप्यानं तेवढ्यात हळूच विचारलं, "बाई, शपथ सुटली का?"

"सुटली रे बाबा, सुटली!"

"मग नमस्कार," शिंपी म्हणाला. "मी ओळखतो तुम्हाला."

गल्ली हसली, पांगली. संध्याकाळपर्यंत डॉक्टर सूट घेऊन परत आले, डाग होताच. बँडवालाही आला. ओल्या गणवेशात चार तास वाजवून शिंका देत होता, आणि झालरी आटल्या होत्या. दुर्बीण तपकिरी पर्स काउंटरवरच टाकून खिडकीशी गेली आणि तिनं पडदा ओढून घेतला. हे मात्र गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर सरकारांनी आणखी दोन कपडे शिवले. एक पहाटेच्या रंगाचा, एक पिकल्या पानाच्या. रविवारी संध्याकाळी मालक इस्त्री विझवतात आणि दोघं त्या लांब रस्त्यानं चालत जातात. दिवे खरंच दुतर्फा आहेत. इतकी वर्षं काउंटरमागून दिसले नव्हते, एवढंच.

फक्त एक बारीकशी अडचण आली, ती सांगून टाकते. लोकांची तोंडं कायमची बंद ठेवायची, तर "घरचं" लिहिलेली चिठ्ठी आता पुढं, छातीवर लावायला हवी. बरोबर ना? मग साध्या टाचणीनं कापडाला भोक पडतं. म्हणून सोनाराकडून एक पिन करून घेतली. सोन्याची. लहानशीच! कानातल्या फुलांना शोभेल अशी.

आणि शिंप्याची पावती सोबत ठेवायला हवी, कुणी विचारलंच तर. कोटाला तर खिसे नाहीत, खिशानं घोळ बिघडतो. मग पावती ठेवायची कशात?

दारामागं खुंट्या होत्या चौदा. मालकांनी न सांगता पंधरावी ठोकून ठेवली आहे.